सातशे चाळीस मीटर

वाघोलीच्या चौकात सिग्नल लागला म्हणून बुद्धभूषणने स्कूटर थांबवली, घाम पुसायला हेल्मेटची काच वर केली आणि सहज समोर पाहिलं, तर विजेच्या खांबाला तो स्वतःच लटकत होता. चांगला सहा फूट, हसरा, हात जोडलेला. फोटो त्याच्या लग्नातला होता. शेजारची प्रियदर्शनी कापून टाकलेली होती, पण कापणाऱ्याचा हात हलला असावा, कारण बायकोचा पांढऱ्या साडीतला अर्धा खांदा अजून त्याच्या दंडाला चिकटून होता. वर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मिलिंदनगरचा पाणीप्रश्न मार्गी लावल्याबद्दल आमचे लाडके इंजिनिअर मा. बुद्धभूषण कोंडीराम ओव्हाळसाहेब यांचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली, 'शुभेच्छुक : समस्त मिलिंदनगर'. सिग्नलवर अठ्ठ्याऐंशी सेकंद दिसत होते. त्यातले पहिले चार-पाच सेकंद त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. छाती किंचित पुढे आली, आणि बाबा असते तर इथेच उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसले असते, असंही मनात येऊन गेलं. मग त्याने मजकूर पुन्हा वाचला. त्या चार-पाच सेकंदांची लाज त्याला नंतर दिवसभर छळत राहिली. त्याने काच खाली ओढली आणि सिग्नल सुटेपर्यंत पुढच्या रिक्षाच्या नंबर प्लेटकडे बघत राहिला.

कारण मिलिंदनगरला पाणी येणार नव्हतं. हे त्याच्याइतकं नक्की कोणालाच माहीत नव्हतं, कारण मिलिंदनगरची लाईन त्यानेच कापली होती. पालिकेच्या पाणी विभागात बसून, एसी नीट चालत असताना, स्वतःच्या हाताने. आज रविवारी सकाळी तो वेणूआत्याला तेच सांगायला निघाला होता. आत्या एकटी असेल, चहा टाकेल, आणि ती ओट्याकडे तोंड करून उभी असताना आपण उंबऱ्यावर बसून सांगून टाकू, असं त्याने मनात पक्कं केलं होतं. पाठमोऱ्या माणसाला सांगणं सोपं जातं. तसं ठरवल्यालाही तीन आठवडे झाले होते. दर रविवारी काहीतरी निघायचं, कधी सासुरवाडीचं जेवण, कधी नुसताच कंटाळा. परवा आत्याचाच फोन आला. "रविवारी येऊन जा रे भूषण. काही न्हाई, विहारात चार माणसं जमणार हायेत, तुला भेटायचं म्हणतात." त्याला वाटलं, कोणाचा तरी दाखला अडला असेल, कोणाच्या मुलीला नोकरी हवी असेल. वस्तीतला पहिला इंजिनिअर म्हटल्यावर एवढं चालायचंच. फ्लेक्सचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्या कामाचं अंदाजपत्रक त्यानेच केलं होतं, तेव्हाच्या दरसूचीवरून. मग लोखंड चढलं, सिमेंट चढलं, डिझेल चढलं. फाईल मात्र आपल्या चालीने या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिली. पहिल्यांदा निविदा काढली तर एकही ठेकेदार फिरकला नाही. दुसऱ्यांदा एकच आला, तोही अंदाजापेक्षा चौतीस टक्के वर. त्याला बोलावून घेतलं तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचा दर ज्या दिवशीचा आहे त्या दिवशी जाऊन मला पाईप आणून द्या, मी तुमच्या भावात टाकून देतो." घासाघीस होऊन गडी थोडा खाली आला, तरी मंजूर रकमेत काम बसेना. वरून तोंडी निरोप आला, रक्कम वाढणार नाही, लांबी कमी करा. मुख्य लाईनला तीन फाटे होते. एक कॉलेजच्या रस्त्याला, एक नव्या सोसायट्यांकडे आणि एक दगडखाणीमागच्या वस्तीला, जिला कागदावर मिलिंदनगर आणि लोकांच्या तोंडी खाणवस्ती म्हणतात. तिन्हींतला एक गळणार होता. कोणता, ते ठरवायला नियम होता, आणि नियम सरळ होता : जिथे नळ नसलेली घरं जास्त, तो फाटा आधी. कॉलेजला स्वतःच्या बोअर होत्या. सोसायट्यांना टाक्या होत्या, पंप होते, पाण्याच्या नावाने भांडणारे व्हॉट्सॲप ग्रुप होते. मिलिंदनगरात तीनशे बारा घरं होती आणि दिवसाआड एक टँकर. बुद्धभूषणने यादी केली, मिलिंदनगर पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि संध्याकाळी पाच वाजता ती अभयसरांच्या टेबलावर ठेवली.

अभयसर म्हणजे त्याचे वरिष्ठ. सदाशिव पेठेत जन्मलेले, बोलणं कमी आणि जे बोलतील ते कोरडं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन यादी वाचली. "ओव्हाळ, मिलिंदनगर म्हणजे तुमचंच ना हो?" तो म्हणाला, "हो सर. म्हणजे लहानपणी. आता फक्त आत्या राहते." "अच्छा," अभयसर म्हणाले, "पहिल्या नंबरवर दिसलं. सहज विचारलं." आणि चहाचा कप उचलला. बस्, एवढंच झालं होतं. पण त्या 'सहज'ने बुद्धभूषण घरी जाऊनही जागच्या जागी फिरत राहिला. जेवताना प्रियदर्शनीने दोनदा विचारलं, काय झालंय, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, भाजीत मीठ जास्त आहे. त्याला कॉलेजातलं पहिलं वर्ष आठवत होतं. गणितात वर्गात दुसरा आला तेव्हा बाकावरचा मुलगा हसत म्हणाला होता, "तुला एवढी मेहनत करायची काय गरज आहे रे?" नोकरीत लागल्यावर कोणीतरी मागून म्हटलेला एकच शब्द, 'कोट्यातले', तोही अर्धा, कारण हा आत येताना दिसला. तेव्हापासून त्याने एक सवय लावून घेतली होती. कोणी बोट दाखवायच्या आत आपणच दोन पावलं मागे व्हायचं. सहलीच्या वर्गणीत जास्त पैसे द्यायचे, ओव्हरटाइम कमी लिहायचा, स्वतःच्या माणसाचं काम असेल तर ते सगळ्यात शेवटी करायचं. याला तो प्रामाणिकपणा म्हणत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ऑफिसात कोणी यायच्या आधी त्याने संगणकावर यादी उघडली आणि पहिली ओळ माऊसने धरून तिसऱ्या जागी नेऊन सोडली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पुढील टप्प्यात प्रस्तावित'. पुढचा टप्पा असा काही नव्हता. अभयसरांनी सही केली, आणि बुद्धभूषणला, लाज वाटते सांगायला, हलकं वाटलं.

काम सुरू करायचा आदेश निघाल्यावर एक दिवस अभयसर जिन्यात भेटले. "तुमची वस्ती राहिली की हो ओव्हाळ. मला नवल वाटलं. मी पहिलीच यादी वर पाठवणार होतो. तुम्ही बदलून आणलीत, म्हटलं, तिथलं काही असेल, तुम्हालाच जास्त माहीत." या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग रागावता आलं असतं, यांनीच कापायला लावलं असं स्वतःला पटवता आलं असतं. त्या पायरीवर तेही गेलं. तो "हो सर" म्हणाला आणि वर जायचं होतं तरी खाली उतरून आला.

चौकातून आत वळलं की डाव्या हाताला खाणीचं सपाट मैदान लागतं. तिथे पाईप रचून ठेवले होते, काळे, बोटाएवढ्या जाडीच्या कडांचे, थरावर थर. कॉलेजच्या रस्त्यासाठी आलेले, पण त्या रस्त्याला ट्रक उभा करायला जागा नाही म्हणून ठेकेदाराने इथे उतरवले होते. वस्तीने ते पाहिले आणि जे समजायचं ते समजली. पाईपांवर कोणीतरी हिरवी ताडपत्री घातली होती. सावलीला खाट टाकून दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर काठी. त्याला पाहून दोघी उठल्या. "जय भीम, साहेब." त्याने जय भीम केलं आणि विचारलं, इथे का बसलात. काठीवाली म्हणाली, "पहारा हाय. लोखंडाचा भाव चढलाय म्हणत्यात, भंगारवाले टपूनच हायेत. बायांनी दिवस वाटून घेतलाय, बापयांनी रात. आज आमची पाळी, म्हणून विहारात येनं झालं न्हाई. राग मानू नगा." कोपऱ्यावरच्या दुकानाच्या शटरला वहीचं पान चिकटवलं होतं, त्यावर वारांपुढे नावं. बुधवारच्या पुढे वेणूबाई होती. बहात्तर वर्षांची त्याची आत्या दर बुधवारी कॉलेजच्या रस्त्याचे पाईप राखत बसत होती. त्याला वाटलं, इथूनच स्कूटर वळवावी. पोटात मुरडा आल्याचं आत्याला फोनवर सांगता येईल. त्याने खरंच हँडल वळवलंही, पण म्हाताऱ्या बघत होत्या.

मैदानापासून आत्याच्या दारापर्यंत सातशे चाळीस मीटर. कार्यालयातल्या नकाशावर ही रेघ निळी होती, आता पुसलेली आहे. पण बुद्धभूषणला ते अंतर नकाशामुळे माहीत नव्हतं. इथेच, आता पाईप आहेत त्या जागी, पूर्वी गावाचा एक सार्वजनिक नळ होता, आणि तिथून घरापर्यंत त्याची तेराशे पावलं व्हायची. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बाबा, कोंडीराम, खडी फोडण्याच्या मशिनवर. आत्या नवऱ्याचं घर सोडून भावाचं पोर वाढवायला आली ती कायमचीच. पहाटे ती डोक्यावर दोन हंडे घ्यायची आणि त्याच्या हातात पाच लिटरचा तेलाचा डबा द्यायची, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून तो पावलं मोजायचा. सहाशेला वडाचं झाड, नऊशेला पोपटमामांचं घर, तेराशेला आपलं. डबा नेहमी डाव्या पोटरीला घासायचा. तिथे अजून एक पांढरा व्रण आहे. आता तो राहतो त्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी येतं आणि शॉवरखाली उभा असताना कधीतरी त्याची नजर त्या व्रणावर जाते, मग तो नळ थोडा बारीक करतो. तेवढ्याने त्याचं भागतं.

आत्याचं घर बंद होतं. विहाराबाहेर चपलांचा ढीग दिसला आणि त्याला कळलं की चार माणसं म्हणजे सगळी वस्ती. आत बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. पुढच्या टेबलावर हार नव्हते, नारळ नव्हता. वह्या आणि पेनं होती, शंभर-दीडशे तरी. इथे सत्कार असाच होतो. प्रत्येक घराने एक वही आणि एक पेन आणायचं, सत्कार ज्याचा त्याच्या हातून ते मुलांना वाटायचं. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. त्याला पाहून ती हसली नाही, फक्त पदर सारखा केला. तिचं असंच. फार आनंद झाला की ती काहीतरी सारखं करते. मंडईतही तिने असंच केलं होतं. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, मित्रांबरोबर मंडईच्या दारात उसाचा रस पीत उभा होता, आणि आत्या पालेभाजीचं गाठोडं डोक्यावर घेऊन समोरून आली, थांबली, मोठ्याने म्हणाली, "भूषण!" मित्र वळून बघायला लागले. "आमच्या ओळखीच्या आहेत," तो म्हणाला. तिने डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं. "व्हय," ती मित्रांना म्हणाली, "ओळखीचीच हाय," आणि पुढे गेली. सतरा वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल तिने कधी शब्द काढला नाही, म्हणून त्यालाही माफी मागायची संधी मिळाली नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता.

विहार समितीचे अध्यक्ष पोपटमामा उठले. आयुष्यभर खडीच्या मशिनशेजारी उभं राहून त्यांचा उजवा कान गेला होता. "आधी वंदना," ते म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून पाठ असलेलं, त्याला कधी विचार करावा लागत नव्हता. तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. सगळ्या विहाराचा एक आवाज त्यावरून पुढे गेला आणि बुद्धभूषणला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. त्याचे ओठसुद्धा हलले नव्हते. कोणाच्या लक्षात आलं नाही. पाचवं तो सगळ्यांबरोबर म्हणाला. मग टाळ्या, मग पोपटमामांचं भाषण, "आपल्या कोंडीरामाचा पोरगा, आपल्या मातीतला, एवढ्या मोठ्या हापिसात बसून त्यानं आपल्याला इसरलं न्हाई," आणि मग माईक त्याच्या हातात. तो माईक बंद करून त्याने टेबलावर ठेवला. म्हणाला, "मामा, मिलिंदनगरची लाईन यादीत नाही."

पोपटमामांनी डावा कान पुढे केला. "मोठ्यानं बोला, साहेब."

एकदा सांगणं जमलं होतं. दुसऱ्यांदा, आणि तेही ओरडून, म्हणजे अंगावरचे कपडे काढण्यासारखं होतं. "लाईन नाही येणार! ते पाईप कॉलेजच्या रस्त्याचे आहेत. भाव वाढले, म्हणून एक फाटा कापावा लागला. आपला कापला."

मागे कुजबुज झाली. पोपटमामांची नात आम्रपाली उठली, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली. "सर, पॉलिटिकल प्रेशर होतं का? कोणी करायला लावलं? नाव सांगा ना, आपण बघू." ती आशेने विचारत होती. सगळेच तसे बघत होते. नुसतं गप्प राहिलं, मान जराशी खाली घातली, तरी भागलं असतं. लोकांनी आपलं आपण नाव शोधलं असतं, अभयसरांच्या नावाने घोषणा झाल्या असत्या आणि फ्लेक्सवरचा माणूस फ्लेक्सवरच राहिला असता. एक पूर्ण श्वासभर बुद्धभूषणने हा विचार केला. मग म्हणाला, "कोणी नाही लावलं. नियमाने आपला पहिला नंबर होता. मीच तो खाली नेला."

"का पण?"

"लोक म्हणतील, आपल्या माणसांना दिलं. म्हणून."

हे मोठ्याने ऐकल्यावर ते किती क्षुल्लक आहे ते त्यालाच दिसलं. तीनशे बारा घरं आणि एक माणूस, ज्याला आपल्याबद्दल कोणी वाईट बोलू नये असं वाटत होतं. प्रामाणिक दिसण्यासाठी त्याने बेइमानी केली होती. आत्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. त्याने पोपटमामांकडे पाहिलं. मामा खाली बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि बोलले तेव्हा 'साहेब' गळून पडलं होतं.

"भूषण, दुसऱ्या कुनी कापली असती तर आम्ही मोर्चा काढला असता रे. आता कुनावर काढायचा?"

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. दिवसाआडचा. बायका एकमेकींकडे बघून उठल्या, पांढऱ्या साड्या खोचत भराभर बाहेर गेल्या; पाणी कोणासाठी थांबत नाही, आणि टँकर तर नाहीच. आत्याही गेली. काहीही सारखं न करता. मागे पुरुष राहिले, आम्रपाली राहिली आणि वह्यांचा ढीग. आम्रपालीने त्यातली वरची वही ओढली, पहिलं पान उघडून त्याच्यापुढे ठेवली. "सर, आत्ता जे बोललात ते लिहून द्या. पहिली यादी कोणत्या तारखेची, दुसरी कोणत्या, कारण काय. मग काढू मोर्चा." पोपटमामा म्हणाले, "तिला कळतंय का, त्याची नोकरी जाईल." कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. बुद्धभूषणच्या डोळ्यांपुढे चौकशीची नोटीस आली, अभयसरांची उचललेली भुवई आली, आणि कोणीतरी म्हणेल, बघा, शेवटी कोट्यातले, हेही आलं. त्याने ढिगातलं एक पेन उचललं आणि मनोमन इच्छा केली की ते चालू नये. पेन चाललं. 'मी, बुद्धभूषण कोंडीराम ओव्हाळ,' त्याने लिहिलं, आणि पुढचं सगळं, तारखांसकट, दीड पान. सही नेहमीसारखीच सफाईदार आली याचंही त्याला वाईट वाटलं. यादी बदलली त्या सकाळी माऊसही असाच सहज सरकला होता.

"बुधवारी निघू," पोपटमामा वही बंद करत म्हणाले, "चौकातनं."

"मामा, तो फ्लेक्स..."

"राहू दे. पंधरा दिसाचं पैसं भरल्यात."

बाहेर ऊन तापलं होतं. टँकरच्या मागे दोन पाईप लोंबत होते आणि त्याभोवती रांग, पिंपं, हंडे, रंगाचे डबे. रांगेत आत्या मध्यावर उभी होती. तो तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातला हंडा घ्यायला वाकला. तिने हंडा सोडला नाही, पण दुसरा, पायाशी ठेवलेला, सरकवला. तो उचलून बुद्धभूषण तिच्या मागे उभा राहिला. माफ कर म्हणावं, तर कशाकशाची, आणि मागची सतरा वर्षं कुठून मोजायची. त्याच्या मागे एक नवी भाडेकरीण होती, विदर्भातून कामाला आलेली. तिने इस्त्रीच्या शर्टातला हा माणूस रांगेत घुसलेला पाहिला आणि त्याच्या खांद्यावरून पुढे विचारलं, "वेणूबाई, हे कोण हो?"

आत्याने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. चांगलं नीट पाहिलं.

"माझा भाचा हाय," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "भावाचा पोरगा. ह्यानंच लाईन कापली."

आणि रांग पुढे सरकली, तशी तीही एक पाऊल पुढे झाली, आणि तिच्यामागे तो.